नळी कोणाच्या कानात होती

लहान मुलाच्या पाठीवर स्टेथोस्कोपची नळी टेकवून आपला डॉक्टर मुलगा गोविंदा मान हलवतो, तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल, हा प्रश्न प्रभावतीबाईंच्या डोक्यातून जात नव्हता. सातवीच्या निबंधाच्या वह्या तपासताना तो यायचा, पालेभाजी निवडताना यायचा. शाळेची घंटा झाली की हमखास यायचा. उत्तर त्यांना ठाऊक होतं. काहीच ऐकू येत नव्हतं. तरी प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा, जणू एखाद्या दिवशी उत्तर बदललेलं असेल.

१९६५चा जानेवारी चालू होता. नागपूरच्या मेडिकल कौन्सिलचं पत्र येऊन दोन महिने झाले होते. पत्र चार ओळींचं होतं. फुलसावंगी येथील डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारीत तथ्य आढळलं नाही, त्यांचं नाव नोंदवहीत कायम आहे, प्रकरण बंद करण्यात येत आहे. ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी वामनराव वकील पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले होते. वामनराव त्यांच्या दिवंगत यजमानांचे चुलतभाऊ. त्यांनी पेढा पुढे केला आणि म्हणाले, "वहिनी, असा चेहरा करून बसू नका. लोकांना वाटंल, आपण हरलो." प्रभावतीबाईंनी पेढा घेतला. तोंडात टाकला. गोड लागला की नाही ते त्यांना आठवत नव्हतं.

गोविंदा लहानपणी कानाचा फार तिखट होता. यवतमाळला आर्णी रोडवरच्या त्यांच्या घरासमोरून मोटारी जायच्या. आत अभ्यासाला बसलेला हा पोरगा नुसत्या हॉर्नवरून ड्रायव्हरचं नाव सांगायचा. शेजारच्या चुलीवरचं दूध वर यायला लागलं की त्याचा आवाज ओळखायचा आणि शेजारीण विसरली की इथूनच ओरडून आठवण करून द्यायचा. वडील गेले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. प्रभावतीबाई बी.ए. झालेल्या होत्या, मुलींच्या शाळेत नोकरी होती, त्यामुळे शिक्षण थांबलं नाही. १९५८ साली तो नागपूरला डॉक्टर झाला. कौन्सिलच्या नोंदवहीत त्याचं नाव चढलं, तेव्हा त्याने तो नोंदणीचा कागद आईच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा तुझ्या ट्रंकेत ठेव. माझ्याकडे हरवंल." अजूनही तो त्यांच्याच ट्रंकेत होता.

पुढच्या वर्षी क्षयाच्या वॉर्डात काम करताना त्याला क्षय झाला. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, महिनोन्‌महिने. फुप्फुसं बरी झाली. पण तिसऱ्या महिन्यात कानात शिट्टी वाजायला लागली, पाचव्या महिन्यात बारीक आवाज गेले, चिमण्यांचे, सायकलच्या घंटीचे, आणि मग एकेक करून सगळेच. प्रभावतीबाई वॉर्डात भेटायला गेल्या होत्या. त्यांनी स्टीलचा डबा खाली ठेवताना झाकण फरशीवर पडलं. शेजारचे चार रोगी दचकले. गोविंदा खिडकीबाहेर बघत होता.

त्याच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं, की सूक्ष्मदर्शकाचं काम घे, काचेवरचं रक्त बघायला कान लागत नाहीत. तो हो म्हणाला. घरी आला, दोन महिने आईसमोर बसून ओठ वाचायला शिकला. त्या बोलायच्या आणि तो वहीत लिहायचा, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. मग एक दिवस त्याने ट्रंक बांधली आणि फुलसावंगीला दवाखाना घातला. पुसद तालुक्यातलं मोठं गाव, आजूबाजूला तांडे आणि वाड्या, आणि जवळपास दुसरा डॉक्टर नाही. तिथल्या लोकांची गरज हे कारण खोटं नव्हतं. पण तिथे आपल्याला पारखणारं कोणी नाही, हेही त्याच्या मनात असणार, असं प्रभावतीबाईंना वाटे. निघताना तो म्हणाला होता, "आई, हे कोणाला सांगू नको." त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

फुलसावंगीच्या लोकांना महिनाभरातच कळलं. पण त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. डॉक्टरांशी बोलायचं तर समोर उभं राहायचं आणि तोंडातला घास गिळून बोलायचं, एवढंच पोरांना शिकवलं. मागून हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा. गावात एकमेकांना सांगितलं जाई, "डाक्तर जरा कमी आयकते," आणि विषय तिथेच संपे. माणूस भला होता. थंडीत इंजेक्शनच्या आधी सुई हातात धरून ऊबदार करायचा, म्हाताऱ्यांना नावानिशी ओळखायचा. त्याचा आवाज मात्र सपाट झाला होता. सांत्वन करतानाही आणि औषधाचे डोस सांगतानाही एकाच पट्टीत बोले.

दवाखान्यात झाडलोट करायला आणि सुया उकळायला सत्यशीला होती. उकंडाची मुलगी. सातवी पास. सोळा वर्षांची असताना बापाबरोबर नागपूरला गेली होती, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली होती, आणि आल्यावर स्वतःचं नाव स्वतः निवडलं होतं. उकंडा म्हणायचा, "माह्यं नाव माह्या बापानं ठेवलं, तिचं तिनं ठेवलं. घरात तीच मोठी."

गावातल्या बाया पुरुष डॉक्टरला छातीला हात लावू देत नसत. म्हणून सगळ्याच दवाखान्यांत असे तशी इथेही रीत पडली. नळीची दोन टोकं डॉक्टरांच्या कानात, आणि खालची चकती बाईच्या पदराआड सरकवायची ती सत्यशीलाने. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून ऐकत. म्हणजे ऐकल्यासारखं करत. दोन-तीन महिन्यांनी, पेशंट गेल्यावर, गोविंदाने नळी स्वतःच्या गळ्यातून काढली आणि तिच्या कानांत घातली. चकती स्वतःच्या छातीवर ठेवली.

"काय ऐकू येते?"

ती जरा वेळ ऐकत राहिली. मग त्याच्या समोर येऊन म्हणाली, "साहेब, कोनी दार ठोठावून राह्यलं."

"एकदा की दोनदा?"

"दोनदा. एक जोरात, एक हळू."

हे सगळं त्याने पुढे आईला सांगितलं, तेव्हा त्याच्या सपाट आवाजातही काहीतरी हललं होतं. त्याने तिला सहा महिने शिकवलं. पुस्तकातले शब्द तिच्या उपयोगाचे नव्हते, म्हणून तिचेच शब्द घेतले. कानाजवळ केस चोळल्यासारखा आवाज, पारवा घुमल्यासारखा आवाज, जात्याची घरघर, रिकाम्या मडक्यात फुंकल्यासारखा. पेशंटसमोर बोलायची सोय नव्हती. म्हणून ती डाव्या हाताने नळी धरायची आणि उजव्या हाताची बोटं टेबलाखाली त्याच्या मनगटावर टेकवायची. छातीचे ठोके ठोक्याने सांगायची. केसांचा आवाज असला की बोट घासायचं, पारवा असला की गोल फिरवायचं, साफ असली की तळवा सपाट ठेवायचा. मग तो रोग्याच्या पाठीवर हात ठेवून बघायचा, बोटाने ठोकून बघायचा, डोळ्याखालची पापणी ओढायचा आणि औषध लिहायचा. १९६२च्या उन्हाळ्यात प्रभावतीबाई चार दिवस तिथे राहिल्या, तेव्हा त्यांनी हे पाहिलं. त्यांना भीती वाटली आणि कौतुकही वाटलं. 

विठ्ठलराव हे गावातले मोठे कास्तकार. १९६४च्या मे महिन्यात त्यांच्या घरच्या वच्छलाबाईंना धाप लागायला लागली. बैलगाडीतून त्यांना दवाखान्यात आणलं. विठ्ठलराव दाराबाहेर थांबायचे, पण त्या दिवशी ते आत आले. त्यांनी पाहिलं, नळी सत्यशीलाच्या कानात आहे.

"डाक्तर," ते समोर येऊन म्हणाले, "नळी तुमची, अन् कानात तिच्या. हे कोनतं डाक्तरपन?"

गोविंदा म्हणाला, "काका, माझ्या कानाला त्रास आहे. ती मला सांगते."

"तुमाले त्रास हाये तर दवाखाना बंद ठेवा. माह्या बायकोले हात लावाले आता हे लोकं उरले का?"

सत्यशीलाने कानातली नळी काढली नाही. वच्छलाबाईंच्या पाठीवरची चकती जरा खाली सरकवली आणि म्हणाली, "विठ्ठलराव, दोन मिनिटं बोलू नका. आयकू येत नाही."

छातीत पाणी झालं होतं. तिनेच ते शोधलं, डॉक्टरांनी ठोकून खात्री केली, पुसदच्या दवाखान्यात पाठवलं, तिथे पाणी काढलं. वच्छलाबाई बऱ्या झाल्या. पण विठ्ठलरावांनी नागपूरला तक्रार पाठवली. हे डॉक्टर स्वतः तपासत नाहीत, बिनशिकलेल्या बाईकडून तपासून घेतात, त्यांना ऐकू येत नाही. तक्रार ज्या रागातून झाली तो राग वेगळा होता. पण कागदावर जे लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

कौन्सिलचं पत्र रजिस्टर पोस्टाने आलं. तक्रारीची नक्कल जोडलेली होती आणि एकवीस दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. खुलासा पटला नाही तर समितीपुढे सुनावणी, साक्षी, आणि मग निकाल. तक्रार फेटाळणं, ताकीद देणं, काही काळापुरतं किंवा कायमचं नाव काढून टाकणं. गोविंदा पत्र घेऊन यवतमाळला आला आणि वामनरावांसमोर ठेवलं. वामनरावांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"यात घाबरायसारखं काय आहे? बायांच्या लाजेखातर चकती ती बाई धरते, हे खरं आहे ना?"

"चकती धरत होती," गोविंदा म्हणाला. "आधी."

"मग झालं. आपण चकतीचंच सांगायचं. कानाचं कोण बघायला येते? आणि या विठ्ठलरावाचं दुखणं काय आहे ते समितीला एका वाक्यात समजंल. सत्तावन्न साली त्या बाईच्या लोकांना विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं यानं. ते पोलिसात लिहिलेलं आहे. फक्त एक प्रतिज्ञापत्र लागंल, मुलाला ऐकायला येते असं. घरच्या शिकलेल्या माणसाचं. वहिनी, तुम्हीच द्या. शाळेतल्या बाई म्हटल्यावर कोणी शंका घेत नाही."

वामनरावांनी मसुदा लिहून दिला. त्यांची भाषा कोर्टाची, वाकडीतिकडी. प्रभावतीबाईंनी तो घरी आणला आणि सवयीने दुरुस्त केला. एक वाक्य लांब होतं, त्याची दोन केली. "श्रवणशक्ती अबाधित" असं होतं, तिथे "त्याला नीट ऐकू येते" असं साधं लिहिलं. स्वच्छ अक्षरात नक्कल केली आणि खाली सही केली. वाचताना कुठे अडखळायला होत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये सुनावणी झाली. लांब टेबल, पलीकडे पाच डॉक्टर, सगळे वयस्क. मधल्या अध्यक्षांसमोर जाड कापडी बांधणीची नोंदवही. विठ्ठलरावांना आधी बोलावलं. ते बोलले ते थोडंच. मग वामनरावांनी विहिरीचं विचारलं, पोलिसातला कागद पुढे केला आणि विठ्ठलराव लाल झाले. त्यानंतर ते जे काही बोलले त्याने त्यांचंच नुकसान झालं.

गोविंदाची पाळी आली. एका सदस्यांना भरघोस दाढी होती, त्यांचे ओठ दिसत नव्हते. वामनराव मधे उभे राहिले. प्रत्येक प्रश्नाला ते म्हणत, "माननीय सदस्य विचारतात की," आणि अशिलाकडे तोंड करून प्रश्न सावकाश परत सांगत. अध्यक्ष एकदा हसून म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या अशिलाला आमची भाषा समजते ना?" वामनराव म्हणाले, "समजते साहेब, पण माझी फी मलाही वसूल करायची असते." सगळे हसले. गोविंदा एक क्षण उशिरा हसला. दाढीवाले सदस्य हसले नाहीत. ते म्हणाले की यांना एकदा कानाच्या डॉक्टरांकडे पाठवून दाखला घ्यावा, म्हणजे वाद मिटेल.

तेव्हा अध्यक्षांनी प्रभावतीबाईंना आत बोलावलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"आपण शिक्षिका आहात?"

"हो. सोळा वर्षं झाली."

"तुमच्या मुलाला ऐकू येतं?"

"येतं."

एवढंच. दाखल्याचा विषय तिथे मागे पडला. त्या बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. रजिस्ट्रार म्हणून एक बारीक, खोकणारे गृहस्थ होते, कागद घेऊन आत-बाहेर करत. त्यांनी चहा मागवला होता, त्यातला एक कप यांच्यासमोर ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून प्रभावतीबाईंनी विचारलं, "एखादे डॉक्टर खरंच आजारी असले, हात कापत असले किंवा दिसत नसलं, तर काय करतात इथे?"

"आजारी माणसाला काढायचं आमच्याकडे कलमच नाही," ते म्हणाले. "आम्ही वागणूक बघतो. एखादा येऊन सांगेल, साहेब, मला अमुक काम जमत नाही, तर अध्यक्ष त्याला दुसरी वाट काढून देतात. दोघांना दिली मागे. एक आता रक्त तपासतात, एक मेडिकल कॉलेजात शिकवतात. पण येऊन सांगत कोणी नाही. आमच्यासमोर येतं ते लपवलेलं."

"आणि निकाल झाल्यावर काही कळलं तर?"

"तर प्रकरण परत उघडतं. फोन आला तरी मी टिपून ठेवतो. चहा घ्या, निवतोय."

निकालाचं पत्र नोव्हेंबरात आलं. पेढे झाले. जाताना वामनराव दारात थांबून म्हणाले, "आता एक करा. त्या बाईला दवाखान्यातून काढा. तो विठ्ठलराव गप्प बसणार नाही. उद्या कोणी तपासायला आलं आणि नळी तिच्या कानात दिसली, तर आपण सगळे गेलो." हे बरोबर होतं. गोविंदाने सत्यशीलाला समोर बसवून सांगितलं. ती उठली. उकळत ठेवलेल्या सुया बाहेर काढल्या, पुसल्या, डब्यात ठेवल्या आणि गेली. पुढच्या आठवड्यात ती आर्णीला मावशीकडे कापूस वेचायला निघून गेली.

नाव वाचवण्यासाठी त्यांनी त्याचे कान काढून टाकले होते. हे प्रभावतीबाईंना तेव्हा कळलं नव्हतं. नाताळच्या सुटीत फुलसावंगीला गेल्यावर कळलं.

दवाखान्यात गर्दी होती. थंडीचे दिवस, लहान मुलांचे खोकले. तांड्यावरची सुखीबाई नातवाला घेऊन आली. हातात बांगड्या कोपरापर्यंत, पोर छातीशी. गोविंदाने नळी कानात घातली. आता ती त्याच्याच कानात होती. चकती पोराच्या पाठीवर ठेवली, एक जागा, दुसरी जागा, मान हलवली आणि म्हणाला, "छाती साफ आहे. सर्दी आहे नुसती."

प्रभावतीबाई दाराजवळ होत्या, सहा-सात हात लांब. त्यांना नळीशिवाय ऐकू येत होतं. पोराच्या छातीत घुरघुर चालली होती, उकळत्या भांड्यावरचं झाकण थरथरतं तशी. सुखीबाईलाही ऐकू येत होती. ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. साफ म्हणाले म्हणजे साफ असेल, असा विश्वास तिच्या तोंडावर होता. प्रभावतीबाई म्हणाल्या, "अरे गोविंदा." तो औषध काढत होता, पाठ इकडे. त्यांनी पुढे जाऊन त्याच्या बाहीला ओढलं आणि टेबलावरच्या कागदावर लिहिलं, "छातीत घुरघुर आहे. मला इथून ऐकू येते."

त्याने वाचलं. कागद दुमडून खिशात ठेवला. पोराला परत घेतलं, पाठीवर तळवा ठेवून बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. मग पेनिसिलिन भरलं. पोर सहा दिवसांत बरं झालं.

संध्याकाळी तो म्हणाला, "आई, तू थांब ना इथे. रजा टाक. आठ-पंधरा दिवस. जमेल तुला, मी शिकवतो."

त्या चार दिवस बसल्या. नळी कानात घालून बघितली. सगळ्यांच्या छातीत सारखाच आवाज यायचा, लांबच्या नदीसारखा. बोटाने काय सांगायचं ते कळायचं नाही. पाचव्या दिवशी त्या त्याच्यासमोर बसून म्हणाल्या, "आपण नागपूरला खरं सांगू. ते दुसरी वाट देतात. तिथल्या माणसानं मला सांगितलंय."

त्याने "आपण नागपूरला" एवढं वाचलं असेल. मग मान वळवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बोलणं नको असलं की तो असं करत असे. त्याच्या बाबतीत एवढं पुरे होतं. त्याच्या मानेकडे बघत त्यांनी वाक्य पुरं केलं आणि उठल्या.

परतताना त्या आर्णीला उतरल्या. सत्यशीला सापडायला वेळ लागला नाही. गावाबाहेरच्या शेतात बायांच्या ओळीत होती, कमरेला ओटी बांधलेली, ओटी कापसाने भरलेली. बाईंना बघून ती बांधावर आली. हाताला बोंडांचे ओरखडे होते.

"कधी आल्या बाई? डाक्तरसाहेब बरे आहेत?"

"बरे आहेत. तू परत येशील का?"

"कायले?"

"तुला माहीत आहे कायले."

सत्यशीलाने ओटीतला कापूस दाबून बसवला. "मावशीच्या पोरानं मले वकिलाचा कागद वाचून दाखवला. नागपूरच्या कचेरीतून नक्कल आणली होती त्यानं. त्यात लिवलं हाये, सदर बाई फक्त चकती धरते. तीन वर्सं मी आयकलं, बाई. वच्छलाबाईच्या छातीतलं पानी मी आयकलं. अन् कागदावर मी चकती धरून राह्यली."

"ते त्याच्यासाठी लिहिलं."

"मले समजते कोनासाठी ते. मी कायी बोलली का? एक शब्द तरी बोलली?" तिने हाताला चिकटलेला कापूस झटकला. "मी आली तर पुन्हा लपूनच करा लागंन. टेबलाखालून. मले आता टेबलाखालून नाही करायचं. खुल्यानं करा म्हना, लोकाइले सांगून करा, मी उद्या येतो."

"खुल्यानं केलं तर त्याचं नाव जाईल."

"अन् नाही केलं तर कोनाचं पोर जाईन," सत्यशीला म्हणाली. ते ती भांडून बोलली नाही. वाफ्यात पाणी शिरलंय, असं सांगावं तसं बोलली. मग विचारलं, "सुया कोन उकळते आता?"

"तोच उकळतो."

"झाकन ठेवत नसंन. त्याइले सांगा, झाकन ठेवत जा." आणि ती ओळीत परत गेली.

यवतमाळला आल्यावर प्रभावतीबाईंनी नागपूरला पत्र लिहायला घेतलं. भाषा चांगली यायची. चार ओळींनंतर त्यांना प्रतिज्ञापत्राचं अक्षर आठवायचं आणि कागद फाटायचा. असे तीन कागद फाटले. मग गोविंदाला एक आंतर्देशीय पत्र लिहिलं. मी सांगणार आहे, तू स्वतः सांगितलंस तर जास्त बरं. त्याचं उत्तर आठ दिवसांनी कार्डावर आलं.

"ती. आईस, सा. न. थंडी फार आहे. रोज वीस-पंचवीस मुलं येतात, बरीचशी खोकल्याची. वामनकाकांच्या सांगण्यावरून कौन्सिलच्या पत्राला काच बसवून दवाखान्यात लावलं आहे. लोक येऊन बघतात. विठ्ठलरावांकडचे लोकही आता परत येऊ लागले. तुझी तब्येत सांभाळ. गोविंद."

बाकी काही नव्हतं. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. आपण ज्या टेबलासमोर "येतं" म्हणालो, त्या एका शब्दाला काच बसली होती, आणि त्या काचेखाली वीस-पंचवीस मुलं रोज उघडी होऊन बसत होती. त्यांना रडू आलं नाही. गेले कित्येक महिने आलं नव्हतं. शाळेत जाऊन त्यांनी दोन तास घेतले, तिसऱ्या तासाला दुसऱ्या बाईंना बसवलं आणि पोस्टात गेल्या.

ट्रंक कॉलच्या खिडकीवर रामधन होता. त्याची मुलगी यांच्याच वर्गात. त्याने फॉर्म पुढे सरकवला. "बाई, फुलसावंगीला का? तिकडं फोन नाही अजून. तार करा डाक्तरसाहेबांना."

"तिकडे नाही," त्या म्हणाल्या. तिकडे फोन असता तरी काय झालं असतं, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. वाजला असता नुसता. "नागपूरला. मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रारना."

"काही काम निघालं?"

"हो."

त्यांनी पर्समधून सुनावणीला बोलावणारं रजिस्ट्रारचं पत्र काढलं आणि त्यावरचा नंबर लिहिला. कोणाशी बोलायचं आहे, त्या रकान्यात नीट अक्षरात हुद्दा लिहिला. बोलणाऱ्याचं नाव, तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, प्रतिज्ञापत्रावर होतं तसंच. काय बोलायचं तेही ठरवलं. माझी सही खोटी आहे. त्याला ऐकू येत नाही. त्याच्याकडे एक बाई होती, तिला येत होतं, तिचं नाव सत्यशीला उकंडा, ते लिहून घ्या. त्याला दुसरी वाट द्या. देता येत नसेल तर जे कलम असेल ते लावा, आणि मलाही काय लागतं ते सांगा.

रामधनने फॉर्म वाचला. "लाइन आज खराब आहे बाई. अर्जंट करू की साधा? साध्याला तीन-चार तास लागतील."

"अर्जंट करा," त्या म्हणाल्या आणि खिडकीसमोरच्या बाकावर, हाक मारली तर लगेच ऐकू येईल अशा जागी, जाऊन बसल्या.